मोडीला मोडी का म्हणतात?

दीपावलीच्या संध्याकाळी वहीपूजनाची मांडणी होते तेव्हा नव्या वहीशेजारी घरातील एखादी जुनी वहीही पाटावर ठेवण्याची रीत खानदेशातील काही घरांत अजून टिकून आहे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, त्याखाली एकाखाली एक वाढत जाणाऱ्या 'श्री'च्या ओळी, मग गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण, आणि शेवटी संवत. जुनी वही लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, लांबट, दोऱ्याने शिवलेली. पूजेपुरती ती पेटीतून बाहेर येते आणि भाऊबीज झाली की परत पेटीत जाते. मधल्या तीन-चार दिवसांत घरातला एखादा नातू ती उघडतो आणि विचारतो, "दादाजी, यात काय लिहिलंय?"

"मोडी आहे ती, बेटा. वाचणारे गेले."

"मोडी म्हणजे मोडकी का?"

नरडाण्यात, शिंदखेड्यात, दोंडाईच्यात, शिरपुरात हा संवाद कित्येक घरांत थोड्याफार फरकाने झाला असेल. प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नाही. लिपीचे नाव तिच्याविषयीचे पहिले मत असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत तेच शेवटचेही ठरते. जी लिपी 'मोडकी' आहे असे लहानपणी मनावर ठसते, ती शिकण्याची इच्छा पुढे कोणाला व्हावी?

नरडाणा हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे गाव. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि खानदेशचा कापूस सुरतेकडे थेट जाऊ लागला. मारवाड आणि गुजरातेतून आलेल्या व्यापारी घराण्यांचा या भागातील जम त्या काळात पक्का झाला. त्यामुळे अशा गावांतील जुन्या पेटीत सहसा दोन प्रकारची कागदपत्रे सापडतात. एका गठ्ठ्यात खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, जमिनीच्या नोंदी. दुसऱ्यात पेढीच्या वह्या, म्हणजे रोजमेळ, खतावणी, हुंड्यांची नक्कल. घरातील माणसे दोन्हींना 'मोडी' म्हणतात. येथेच पहिली चूक होते. सरकारी कागदांची लिपी मोडी आहे. पेढीच्या वह्यांची बहुतेक वेळा मुडिया, म्हणजे महाजनी. नावे जवळजवळ सारखी, लिप्या मात्र वेगळ्या.

या चुकीची किंमत मोठी असते. घरातले कोणी उत्साहाने मोडी जाणणाऱ्याला गाठतात आणि वही त्याच्यापुढे उघडतात. तो दोन ओळी पाहतो आणि मान हलवतो. घरच्यांचा समज होतो की वहीतले अक्षरच इतके वाईट आहे की तज्ज्ञालाही लागत नाही. वही परत पेटीत जाते, या वेळी कायमची. वास्तविक ती चुकीच्या दारात नेलेली असते.

दोन्ही लिप्यांचा स्वभाव पाहिला म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. मोडी ही दफ्तराची लिपी. कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी शिरोरेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडीत जाई. एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराच्या आरंभात वळवलेला असे. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मात्र स्वर लिहिलेले असतात. काना, मात्रा, वेलांटी यांनी वळण बदलले तरी त्या जागेवर असतात. म्हणून मोडी वाचण्यास सराव लागतो, तर्क फारसा लागत नाही.

मुडियात तर्कच फार लागतो. तेथे व्यंजने लिहायची आणि स्वरचिन्हे बहुधा गाळायची, असा व्यवहार होता. रोज तीच नावे, तीच गावे, तोच माल. लिहिणारा मुनीम आणि वाचणारा शेठ दोघेही संदर्भ जाणत. बाहेरच्याला तो कळू नये, हा एक लाभही त्यात होता. त्यातून होणाऱ्या घोटाळ्याची एक गोष्ट मारवाडी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. परगावच्या पेढीवरून पत्र आले. त्यात कळवायचे होते की काका अजमेर गये. स्वर नसल्याने कागदावर उरले 'कक अजमर गय'. घरच्यांनी वाचले, 'काका आज मर गये', आणि रडारड सुरू झाली. गोष्ट खरी घडली की नाही, याला महत्त्व नाही. जी लिपी रोज वापरली जाते तिच्यावरच असे विनोद रचले जातात.

आता नावाकडे वळू. मोडीच्या नावाविषयी सर्वात जुना आणि सर्वात लोकप्रिय समज असा की देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याने ती लंकेहून आणली. तेराव्या शतकातील या करणाधिपाच्या नावावर महाराष्ट्राने बांधकामाची पद्धत घातली, बाजरीचे पीक घातले, तशी लिपीही घातली. मुडियाचे जनकत्व परंपरेने अकबराच्या तोडरमलाकडे दिले आहे. हिशेबाची लिपी म्हटली की तिचा कर्ता हिशेब पाहणारा मंत्रीच असला पाहिजे, असे लोकमनाला वाटते. दफ्तराची व्यवस्था लावताना हेमाडपंताने प्रचलित धावत्या अक्षराला शिस्त लावली असेल, हे संभवते. पण लिपी ही गलबतात घालून आणण्याची वस्तू नव्हे, आणि नावाचा उलगडा तर या कथेतून होतच नाही.

दुसरे मत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे, आणि ते खानदेशाला अधिक जवळचे. गावोगाव पायपीट करून मोडी दफ्तरे गोळा करणारे राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे की फारसीत धावत्या, तुटक लेखनाला 'शिकस्ता' म्हणतात, शिकस्ता म्हणजे मोडलेली, आणि 'मोडी' हे त्याचेच मराठी भाषांतर. मत मोठे मोहक आहे. मराठीत प्रयत्नांची 'शिकस्त' होते ती याच फारसी शब्दाची. परंतु एक अडचण राहते. शिकस्ता ही लेखनशैली इराणात घडली आणि रुळली ती सोळाव्या-सतराव्या शतकांत. तिचे अनुकरण तेराव्या शतकातील हेमाडपंताने केले असे म्हणता येत नाही. फार तर एवढेच म्हणता येईल की दोन दरबारी लिपींकडे पाहणाऱ्यांना पुढे एकसारखे नाव सुचले.

तिसऱ्या मताप्रमाणे 'मोडी' हे 'मौर्यी'चे रूप, म्हणजे ही अशोकाच्या काळच्या लिपीची थेट वारस. वंशाचा विचार केला तर भारतातील बहुतेक लिप्या त्या कुळातल्याच आहेत. पण 'मौर्यी' नावाची लिपी जुन्या याद्यांत शोधू गेले तर हाती लागत नाही. समवायांगसूत्रात अठरा लिप्यांची नावे दिली आहेत, तेथेही ती नाही.

उरते ते साधे मत, आणि तेच सर्वात पटणारे आहे. मोडी हे नाव 'मोडणे' या क्रियापदावरून आले. मात्र मराठीत मोडणे म्हणजे केवळ तुकडे करणे नव्हे. बोटे मोडली म्हणून हात निकामी होत नाही. अंग मोडून काम करणारा माणूस अपंग होत नाही. आणि व्यापारी घरात तर हे कोणी सांगायला नको: पाचशेच्या नोटेची मोड आणली म्हणजे पाचशे रुपये नष्ट झाले असे कोणी म्हणत नाही. गल्ल्यावर चालावी म्हणून मोठी नोट लहान नाण्यांत आणली, इतकेच. बाळबोध अक्षर सुटे, ठाशीव, सावकाश काढायचे. ते वाकवून, वळवून, हाताच्या वेगाला जुळेल असे केले म्हणजे मोडी. नाण्याच्या मोडीवरून लिपीचे नाव पडले असा येथे दावा नाही. क्रियापद एकच आहे आणि त्याचा अर्थ मोडतोडीपेक्षा रुंद आहे, हे दाखवण्यापुरता तो दाखला.

'बाळबोध' या जोडनावामुळे हा अर्थ अधिक पक्का होतो. बालकाला बोध होईल ते बाळबोध. पोथ्या बाळबोधीत, व्यवहार मोडीत, अशी वाटणी शतकानुशतके चालली. शाळेतले पोर बाळबोध गिरवी आणि मोठे होऊन कारकुनीला लागले की मोडीत शिरे. म्हणजे मोडी ही त्या काळी शिकल्या-सवरल्याची खूण होती. तिच्या वळणांना मानाची नावे होती: शिवकालात बाळाजी आवजींची चिटणिशी, पेशवाईत बिवलकरी, महादेवपंती, रानडी. ज्या लिपीची वळणे घराण्यांच्या नावाने ओळखली जात, तिला कोणी मोडकी समजत नव्हते. १८१० साली विल्यम केरीने श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचा कोश काढला तो मोडी अक्षरांत. पुढे छापखान्याला सुटे अक्षर सोयीचे पडले, शाळेला छापील पुस्तक सोयीचे पडले, आणि १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून उठली. त्यानंतर वाढलेल्या पिढीच्या कानी 'मोडी' हा शब्द पडला तो एकाकी, जोडीला बाळबोधाचा अर्थ न घेता. मग तो मोडकी या अर्थानेच पडणार.

मुडियाचे नावही असेच दुहेरी आहे. कोणी ते 'मोडणे', म्हणजे वळवणे यावरून लावतात, तर कोणी 'मुंडणे' यावरून, कारण तिच्या मात्रा जणू भादरून टाकल्या आहेत. तिच्या भावंडांची नावे पाहिली तर दुसऱ्या अर्थाकडे मन झुकते. गुजराती व्यापारी अक्षराला 'वाणियाई' आणि 'सराफी' म्हणत, तसेच 'बोडिया' म्हणत. मराठीत बोडके म्हणजे जे, तेच ते, डोक्यावर काही नसलेले. पंजाबच्या दुकानदारी लिपीचे नाव 'लंडा', म्हणजे लांडी, शेपटी तुटलेली. मोडी, मुडिया, बोडिया, लंडा, ही सारी नावे देवनागरीच्या ओट्यावर बसून दिलेली दिसतात. पंडिताच्या अक्षराला डोके, शेपटी, दागदागिने असतात. व्यापाऱ्याचे अक्षर त्याला बोडके वाटते. वेळ वाचवणे हा ज्याचा गुण, त्यालाच नाव ठेवताना उणीव म्हटले गेले. त्याच लंडा कुळातील अक्षरे संस्कारित होऊन शीखांच्या धर्मग्रंथाची लिपी सिद्ध झाली आणि तिला गुरूच्या मुखातून आलेली, 'गुरुमुखी', असे नाव मिळाले. जवळजवळ तीच अक्षरे, पण नाव देणारा आणि त्याची दृष्टी बदलली.

नाव आणि लिपी यांतील असे अंतर भारताबाहेरही पडले आहे. रशियन, बल्गेरियन, सर्ब, क्रोएट आदी स्लाव लोकांच्या इतिहासात दोन लिप्या आहेत. इ. स. ८६३ च्या सुमारास कॉन्स्टंटाइन आणि मेथोडियस हे थेसालोनिकीचे दोघे भाऊ मोराव्हिया देशात धर्मकार्यासाठी गेले. स्लाव भाषेला तोवर स्वतःची लिपी नव्हती. कॉन्स्टंटाइनने ती रचली. ८६९ मध्ये रोम येथे मृत्यूपूर्वी त्याने संन्यासदीक्षा घेऊन सिरिल हे नाव धारण केले. त्याने रचलेल्या लिपीला मात्र त्याचे नाव मिळाले नाही. तिला पुढे 'ग्लागोलित्सा' म्हणू लागले. जुन्या स्लाव भाषेत 'ग्लागोल' म्हणजे शब्द, उच्चार. त्याच धातूचे क्रियापद 'बोलणे' या अर्थाचे. तिच्या चौथ्या अक्षराचे नावही तेच, 'ग्लागोली'. म्हणजे ग्लागोलित्सा ही बोलकी लिपी. सिरिलचे नाव लागले ते दुसऱ्या लिपीला, जी त्याच्या पश्चात बल्गेरियात शिष्यपरंपरेने ग्रीक अक्षरांच्या आधारे घडवली, आणि आज रशियन भाषा जीत लिहिली जाते. बहुतेक अभ्यासकांचे मत असेच आहे. शिष्यांनी आपल्या कामावर गुरूचे नाव घातले. गुरूची खरी लिपी क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील चर्चमध्ये टिकून राहिली; १४८३ साली तिच्यात प्रार्थनाग्रंथ छापलाही गेला. पण जगाच्या तोंडी नाव राहिले ते सिरिलिकचे.

कर्त्यापेक्षा पूज्य व्यक्तीचे नाव लिपीला देण्याची ही भावना जैन वाचकाला अनोळखी नाही. भगवान ऋषभदेवांनी उजव्या हाताने कन्या ब्राह्मीला लिपी शिकवली आणि डाव्या हाताने कन्या सुंदरीला गणित, ही कथा घरोघर सांगितली जाते. समवायांगाच्या यादीत पहिले नाव 'बंभी', म्हणजे ब्राह्मी. त्याच यादीत यवनांची, म्हणजे ग्रीकांची लिपी आहे, खरोष्ठी आहे, द्राविडी आहे. अंकांची आणि गणिताची अशा दोन लिप्याही स्वतंत्र मोजल्या आहेत. भगवतीसूत्राच्या मंगलाचरणात तर ब्राह्मी लिपीलाच वंदन आहे. लिपीच्या आकारावर शेरा मारण्याऐवजी तिला नमस्कार करणारी ही परंपरा.

आणि तरी या नावाचाही प्रवास सरळ नाही. अशोकाच्या स्तंभांवरील अक्षरे १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने वाचली तेव्हा तिला ब्राह्मी म्हणत नव्हते. स्तंभांवरून 'लाट' लिपी, किंवा 'भारतीय पाली', अशी कामचलाऊ नावे चालत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेरियां द लाकुपेरी या अभ्यासकाने बौद्ध याद्यांतील पहिल्या लिपीचे नाव तिला जोडले आणि ब्यूलरने ते रूढ केले. आज शाळेच्या पुस्तकात 'ब्राह्मी' वाचणाऱ्याला वाटते की खांबावर नावही कोरलेले असावे. जुन्या ग्रंथांत जपलेले नाव आणि दगडावर उरलेली अक्षरे यांची गाठ अशी फार उशिरा पडली.

मोडी आणि मुडिया यांचे वेगळेपण आता संगणकानेही मान्य केले आहे. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी आणि महाजनी या दोन्ही लिप्यांना एकाच वेळी, पण स्वतंत्र जागा मिळाल्या. मोडीची गरज तर अलीकडे अचानक वाढली. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि जुन्या मोडी नोंदी वाचू शकणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी येऊ लागली. मोडीचे वर्ग निघतात, पुस्तके मिळतात. मुडियासाठी असे काहीच घडलेले नाही, कारण तिच्यावर कोणाचा दाखला अडलेला नाही. तिच्यात असते ते घराण्याचे स्वतःचे: कोणत्या गावाहून आलो, पहिले भांडवल कोणी दिले, दुष्काळात कोणाचे येणे सोडून दिले, मंदिराच्या कामाला कोणी किती लिहिले. ज्या घरात मुनिमीचे अक्षर जाणणारे नव्वदीतले कोणी अजून आहे, तेथे त्यांच्यासमोर वही उघडून त्यांचे वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवण्यास एक दुपार पुरते. अक्षरमाला पुढे कोणीही जुळवील. त्या पेढीची नावे-गावे दुसरा कोणी सांगू शकणार नाही.

ते नसतील तरी वही अगदीच मुकी नसते. पहिल्या पानावरची 'श्री' ओळखू येते. संवताचा आकडा वाचता येतो. दिवाळीला सुरू होणाऱ्या संवतातून सत्तावन्न वजा केले की त्या दिवाळीचे इसवी सन मिळते, म्हणजे संवत १९५७ ची वही १९०० च्या दिवाळीत पुजलेली. रकमा वाचता येतात. रुपयांच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पावली, दोन म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. त्यापुढच्या आडव्या रेघा सुट्या आण्यांच्या. आण्यांचे कोष्टक एकदा सांगितले की नातू जमा आणि नावे यांची बेरीज करून दाखवतो, आणि ती पानाच्या तळाशी मुनिमाने मांडलेल्या बेरजेशी जुळते. सुंदरीचा वाटा असा सव्वाशे वर्षांनीही त्याच्या हाती लागतो. ब्राह्मीचा वाटा त्या रकमेच्या डाव्या बाजूला असतो, स्वर गाळलेल्या चार-पाच अक्षरांत. ते कोणाचे तरी नाव आहे, एवढे दादाजींना ठाऊक असते.